भिंतीतला बंब

होम कुठे मांडायचा, असं गुरुजींनी फोनवर विचारलं आणि मी फारसा विचार न करता म्हणाले, "फायरप्लेसमध्येच मांडू."

ह्यांच्या वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले होते. श्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी घरात शांतीचा एक छोटा होम करायचा, असं ठरलं होतं. शिकागोच्या आसपास फेब्रुवारीत मागच्या अंगणात होम करणं शक्य नसतं. अंगणच दिसत नसतं. घरात करावा तर धूर छताला लागतो आणि स्मोक अलार्म वाजायला लागतात. गुरुजींनी मागच्याच महिन्यातली हकीकत सांगितली. एका घरी वास्तुशांत चालू असताना अलार्म थेट अग्निशमन दलाकडे वाजला, आणि पूर्णाहुतीच्या वेळी हेल्मेट घातलेले चार जण दारात उभे. तेव्हापासून घरात फायरप्लेस असेल तर ते तिथेच कुंड ठेवतात. "धूर आपोआप वर जातो, काकू. तुमच्याकडे आहे ना?" आहे, मी म्हणाले. सामानाची यादी पाठवतो म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. समोर फायरप्लेस होती. तिच्यात फर्नच्या दोन कुंड्या आणि ह्यांच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा. तीस-बत्तीस वर्षांत तिथे जाळ झालेला नव्हता. आणि तिच्या पाठीमागे, विटांमध्ये, एक लोखंडी पेटी होती, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

हे घर आम्ही एका म्हाताऱ्या सुताराकडून घेतलं. तेल महाग झालं त्या काळात त्याने फायरप्लेसच्या पाठीला बॉयलर बसवून घेतला होता. बॉयलर म्हणजे फार काही नाही. दोन वीत उंचीची बिडाची जाड पेटी, जाळाची धग समोरून खाणारी. खालच्या नळाने तिच्यात गार पाणी यायचं, तापलं की वरच्या नळाने चढून वरच्या मजल्यावरच्या टाकीत जायचं. घर बघायला आलो तेव्हा सुतार हे सगळं हातवारे करून समजावत होता, आणि हे गुडघ्यावर बसून आत डोकं घालून बघत होते. बाहेर आले ते काजळीने नाक काळं करून. मला मराठीत म्हणाले, "अगं, हा तर बंब आहे. भिंतीत बसवलेला बंब." मला वाटतं घर त्यांनी तिथेच पसंत केलं. स्वयंपाकघर त्यांनी नंतर पाहिलं.

पहिली काही वर्षं हिवाळ्यात तो बंब रोज पेटायचा. हे पहाटे उठून खाली जात, लाकडं रचत, आणि तासाभराने जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून सांगत, पाणी तापलंय. पेशाने ते सिव्हिल इंजिनिअर, काउंटीच्या पुलांची तपासणी करायचे. दिवसभर आकडे आणि अहवाल. पण त्या एका तासात ते गावी असत. लेकीची शाळा सुरू झाली, लाकडं फोडायला वेळ उरला नाही, वरची टाकी गळायला लागली. मग गॅसचा हीटर आला. प्लंबरने वरची टाकी काढून नेली आणि बॉयलरचे दोन नळ भिंतीतून बाहेर आले होते तिथेच कापले. बुचं बसवायला सोमवारी येतो म्हणाला. ह्यांना सोमवारपर्यंत दम नव्हता. त्यांनी शनिवारी दुपारी स्वतःच दोन्ही तोंडं बंद केली.

त्या दुपारी टॉर्च धरून मी शेजारी उभी होते. मला सगळं आठवतं. पांढऱ्या टेपचे वेढे ते मोजून घेत होते. पाना घसरून त्यांच्या अंगठ्याला खरचटलं होतं. लेक पायरीवर बसून सफरचंद खात होती. माझा हात दुखायला लागला तेव्हा मी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला, तर सावली पडली म्हणून ते वैतागले होते. फक्त एक गोष्ट आठवत नाही: बुचं बसवताना पेटी रिकामी होती की भरलेली?

त्यानंतर घरात नियम झाला, इथे जाळ करायचा नाही. का, असं मी कधी विचारलं नाही. एकदा बर्फाच्या वादळात दोन दिवस वीज गेली होती. लेक तेव्हा कॉलेजात. आम्ही तिघं कोट घालून दिवाणखान्यात बसलो होतो आणि ती म्हणाली, बाबा, फायरप्लेस पेटवू या ना. ते एरवी तिला नाही म्हणत नसत. त्या दिवशी म्हणाले, "चिमणी साफ नाही," आणि उठून मोटेलची खोली मिळते का बघायला गेले. मग आम्ही फायरप्लेसशेजारच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं, नळांची तोंडं त्यामागे गेली, आणि दर दिवाळीला मी फायरप्लेसमध्ये पणत्यांची ओळ लावू लागले. फोटो छान येतात.

गुरुजींचा फोन झाला त्या दिवसापासून मला बसवेना. चहा करावा आणि प्यायचा राहून जावा, पुस्तक उघडावं आणि त्याच पानावर बोट ठेवून फायरप्लेसकडे बघत राहावं. वर्षभर मी फार शांतपणे वागले होते. लोक तसं म्हणायचेही. आता एका लोखंडी पेटीने माझी शांतता घालवली होती. कुंड्या बाहेर काढल्या, मासिकं काढली, आणि गुडघे कुरकुरत असतानाही खाली बसून हात आत घातला. बिडाचा गार, खरबरीत पत्रा हाताला लागला. माठ घेताना वाजवून बघतात तसं मी पितळी डावाने त्याच्यावर वाजवून बघितलं. वर वाजवलं, खाली वाजवलं. सगळीकडे एकच बद्द आवाज. त्यातून काही कळलं नाही.

बावीस वर्षं मी गावच्या लायब्ररीत काम केलं. काही कळेनासं झालं की मला तिकडेच जायचं सुचतं. तळमजल्यावर घरदुरुस्तीच्या पुस्तकांचं कपाट आहे. निम्मी पुस्तकं मीच कधीतरी त्यात लावली होती. एका जाडजूड जुन्या पुस्तकात ह्या बॉयलरबद्दल जेमतेम अर्धं पान सापडलं. मी ते सावकाश वाचलं, मग वहीत उतरवून घेतलं, कारण उतरवून घेतल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही. वापरात नसलेल्या बॉयलरमध्ये पाणी असेल आणि त्याचे नळ बंद असतील, तर त्याच्यासमोर जाळ करू नये. पाण्याची वाफ होते, वाफेला जायला जागा नसते, आणि बीड वाकत नाही, फुटतं; तुकडे खोलीत येतात. असा बॉयलर काढून तरी टाकावा, नाहीतर रिकामा करून त्याची तोंडं उघडी ठेवावीत, किंवा त्याला भोकं पाडावीत, म्हणजे आत काही कोंडणारच नाही. आणि हे जाणकाराकडून करून घ्यावं.

एवढंच होतं. शिट्टी नसलेला, झाकण डकवून टाकलेला कुकर, मी मनात म्हटलं. गाडीत बसल्यावर मी मोजलं. होमाला गुरुजी, लेक, जावई, दोन नातवंडं, दीर, शेजारचं एक जोडपं आणि मी. नऊ जण. सगळे त्या भिंतीकडे तोंड करून, दोन हातांवर बसणार.

त्या रात्री लेकीचा फोन आला. ती दूर दक्षिणेत, अल्फारेटाला असते, दर दोन दिवसांनी फोन करते. मी तिला सांगायला नको होतं, पण सांगितलं. ती भराभर बोलायला लागली. कॅन्सल कर, देवळात करू, नाहीतर सरळ गॅरेजचं दार उघडं टाकून करू. "आय डोन्ट गेट इट, आई. बाबांनी ते तसंच कसं ठेवलं?"

"बाबांनी काहीही अर्धवट ठेवलेलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मी तसं नाही म्हटलं."

तिने तसं म्हटलं नव्हतं खरंच. ते माझ्या मनात होतं. ती म्हणत होती तसं देवळात केलं असतं तर प्रश्नच नव्हता, हे मलाही कळत होतं. पण आता मला होमापेक्षा दुसरंच काही हवं होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या काळजीखोर स्वभावाच्या भरवशावर मी ह्या घरात निर्धास्त झोपले, त्याने माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर एक फुटणारी वस्तू ठेवली होती की नव्हती, हे मला कळायला हवं होतं. आणि ते कळलं नाही तर बरं, असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. मी चिमणीचं काम करणाऱ्या एका माणसाला फोन करून ठेवला. तो पुढच्या गुरुवारी येणार होता.

बुधवारी माझे दीर आले, न्यू जर्सीहून. ह्यांच्याहून सात वर्षांनी धाकटे, निवृत्त डॉक्टर, आणि स्वभावाने ह्यांच्या अगदी उलट. ते घरात आले की घर भरतं. कोट काढायच्या आधी त्यांनी फ्रीज उघडून बघितला, मी वाळले आहे असं निदान केलं, आणि डेव्हन ॲव्हेन्यूच्या भारतीय दुकानांत जाऊन यादीतलं सगळं सामान मीच आणतो असं जाहीर केलं. संध्याकाळी समिधा, तूप, कापूर, ताम्हन, असं पिशवीभर घेऊन परत आले. सोबत पेट्रोल पंपावरून लाकडांची एक मोळीही आणली होती.

"एकदा पेटवून बघू या, वहिनी. गुरुजींसमोर फजिती नको."

मी त्यांना पेटीबद्दल सांगितलं, वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली आणि हसले.

"म्हणजे दादाचा बंब. मला माहीत आहे ना. मग त्यात भीती कसली?"

"पाणी असेल आत, तर."

"असेल तर चांगलंच की. नसेल तर भीती." ते सोफ्यावर नीट टेकून बसले, गोष्ट सांगायच्या तयारीने. गोष्ट मला नवीन होती, हेच मला नवल वाटलं. चाळीस वर्षांत ह्यांनी ती सांगितली नव्हती. हे नऊ-दहा वर्षांचे असताना एका सकाळी त्यांच्यावर बंब पेटवायचं काम आलं होतं. घरात पाहुणे होते. ह्यांनी गोवऱ्या घातल्या, पेटवलं, आणि फुंकत बसले. पाणी भरायचंच विसरले. थोड्या वेळाने तांबं लाल दिसायला लागलं, सांधे सुटले आणि आख्खा बंब कुशीवर कलंडला. सासूबाईंनी आंघोळीच्या ओल्या पंच्यानेच त्यांना फोडून काढलं, सगळ्या पाहुण्यांसमोर. तांब्याचा बंब होता, त्यांच्या माहेरचा. "तेव्हापासून दादा रोज सकाळी आधी झाकण उचलून आत बोट बुडवून बघायचा. बंब दुसऱ्या कुणी भरला असला तरी. मी लहान होतो, मी त्याला चिडवायचो. दादा आणि रिकामा बंब? शक्य तरी आहे का, वहिनी? त्याने तो काठोकाठ भरून मगच बंद केला असणार. तुम्ही निश्चिंत राहा."

ते इतक्या विश्वासाने म्हणाले की मला क्षणभर खरंच हलकं वाटलं. मग मला ती बुचं आठवली.

आमच्या माहेरीही बंब होता. रिकामा बंब पेटवायचा नाही, ही गोष्ट आम्हां सगळ्यांच्या हाडात आहे. पण त्या बंबाचं झाकण नुसतं वर टेकवलेलं असायचं. पाणी उकळलं की ते खडखडायचं आणि वाफ न्हाणीघरभर व्हायची. भिंतीतल्या बंबाला झाकण नव्हतं. असलेल्या दोन तोंडांवर ह्यांनी, वेढे मोजून, बुचं घट्ट बसवली होती. दिराचं म्हणणं बरोबर असेल, तर पुस्तकातलं अर्धं पान आमच्याच घराबद्दल होतं.

मी विचारात होते तेवढ्यात त्यांनी फायरप्लेसमध्ये लाकडं रचलीसुद्धा होती. खाली वर्तमानपत्राचे बोळे, वर दोन ओंडके, आणि हातात काडेपेटी. मी गेले आणि ती त्यांच्या हातातून काढून घेतली. मी आयुष्यात त्यांच्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं. चहाचा कपसुद्धा मी पुढे केला की ते उचलत.

"उद्या माणूस येतोय, भावजी. तोवर नको."

"वहिनी, लायब्ररीत राहून राहून तुम्ही छापलेल्या प्रत्येक गोष्टीला घाबरता. दादाने केलेल्या कामावर तुमचा भरवसा नाही?"

"आहे," मी म्हणाले. "म्हणूनच नको."

त्यांना ते कळलं नाही, आणि मला ते नीट समजावताही आलं नाही. ते थोडे दुखावले. जेवताना पिठल्याला मीठ कमी आहे एवढंच बोलले आणि लवकर झोपायला गेले. मी काडेपेटी स्वेटरच्या खिशात ठेवली. भांडी आवरताना ती प्रत्येक पावलाला खुळखुळत होती. मग बाहेर येऊन मी रचलेली लाकडं एकेक करून काढली, बोळे काढले, आणि सगळं मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवलं.

चिमणीवाला सकाळी नऊला आला. पन्नाशीचा, आडवा, गुडघ्यांना पट्टे बांधलेला, कमी बोलणारा माणूस. आधी त्याने फक्त बघितलं. आरशाचा तुकडा आणि दिवा घेऊन तो बराच वेळ आत डोकावला, मग नळ कुठे निघतात ते विचारलं. आम्ही तिघांनी मिळून कपाट सरकवलं. पुस्तकं मी आधीच काढून ठेवली होती. भिंतीतून आलेली दोन तोंडं, त्यांच्यावरची बुचं आणि कडेला अजून दिसणारी पांढरी टेप, हे सगळं मी इतक्या वर्षांनी पाहत होते. त्याने वरच्या बुचाला पाना लावला आणि जोर दिला. बूच हललं नाही. दुसरा, लांब दांड्याचा पाना आणला. तरीही नाही. कुणी केलं हे काम, त्याने विचारलं. माझ्या नवऱ्याने, मी म्हणाले. चांगला कारागीर होता, तो म्हणाला; त्याला हे गळायला नको होतं.

दीर माझ्याकडे बघून हसले. बघा, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

मग त्याने विचारलं की हे शेवटचं कधी पेटवलं होतं. बुचं बसवल्यावर एकदाही नाही, मी म्हणाले. नक्की? नक्की. पणत्यांबद्दलही सांगून टाकलं. त्याने मान हलवली. तेवढ्याने काही होत नाही म्हणाला. बुचांशी आणखी झटापट करण्यात त्याला अर्थ वाटत नव्हता. पेटी पूर्ण गार आहे, तेव्हा समोरून, तळाशी, एक भोक पाडू. आत पाणी असेल तर तिथून येईल, नसेल तर बरंच. त्याने जमिनीवर ताडपत्री अंथरली, बादली मागितली, आणि ड्रिल चालू केलं.

बिडाला भोक पाडायला वेळ लागतो. तो थांबायचा, तेल सोडायचा, पुन्हा सुरू करायचा. खोलीत तापलेल्या लोखंडाचा वास पसरला. मी उभी होते, मग बसले, मग पुन्हा उभी राहिले. दीर हाताची घडी घालून कपाटाला टेकले होते. एकदा ड्रिल आत गेल्यासारखं झालं आणि त्याने ते बाहेर काढलं. काहीच आलं नाही. माझ्या तोंडून सुस्कारा निघाला. त्याने भोकात तार घालून फिरवली आणि गंजाचा एक खपला पडला. मग पाणी आलं.

आधी थेंब, मग बारीक धार. कोऱ्या चहाच्या रंगाचं, गंजकट वासाचं पाणी. बादली भरली. त्याने भोकावर अंगठा धरला आणि मी दुसरी बादली आणली. तीही भरली. तिसरी निम्मी झाली तेव्हा धार मंदावली. वरपर्यंत भरलेली होती, तो म्हणाला.

दीर खोलीत नव्हते.

ते समोरच्या ड्राइव्हवेवर उभे होते, कोट न घालता. बर्फ बाजूला ओढून ठेवलेला होता, त्या ढिगाकडे तोंड करून. मी त्यांचा कोट घेऊन बाहेर गेले. त्यांनी तो घातला नाही, नुसता हातावर घेतला.

"काल मी पेटवला असता, वहिनी."

"नाही ना पेटवलात."

"तुम्ही होता म्हणून." मग म्हणाले, "पण दादाने असं? अहो, पुलाचा एक बोल्ट सैल दिसला तर रस्ता बंद करणारा माणूस तो."

मला तेव्हा खरं तर राग आला होता. वर्षभरात पहिल्यांदा. दवाखान्यात आला नाही, स्मशानात आला नाही, सांत्वनाला आलेले काहीबाही बोलले तेव्हाही आला नाही, तो राग तिथे, उणे तापमानात, आला. नातवंडं त्या पणत्यांपुढे मांडी घालून बसायची. त्यांनी मला एक शब्द तरी सांगायला हवा होता. आत पाणी आहे, एवढाच. पण सांगायचं काय, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं? ज्यांना रोज सकाळी दुसऱ्याने भरलेल्या बंबातही बोट बुडवून बघावंसं वाटायचं, त्यांनी तो रिकामा सोडला असता तर झोप लागली नसती. चुकून कुणी पेटवलाच तर कोरडा जळायला नको, म्हणून भरला. गळायला नको, म्हणून वेढे मोजून बंद केला. आणि तरी मनाला पटेना, म्हणून जाळच करायचा नाही असा नियम केला. दोन्ही बाजूंनी काळजी घेतली होती. त्या काळजीनेच तो कुकर झाला होता. पुलांच्या माणसाने नाही, ओल्या पंच्याचा मार खाल्लेल्या नऊ वर्षांच्या पोराने ती बुचं बसवली होती.

मी एवढंच म्हणाले, "भावजी, त्यांनी तो रिकामा ठेवला नाही. तुम्हीच सांगितलंत ना."

त्यांनी कोट चेहऱ्याशी नेला. मी आत आले, कारण माणसाला असं रडताना कुणी शेजारी लागत नाही, निदान आमच्या घरात तरी.

चिमणीवाल्याने समोरच्या बाजूला आणखी चार भोकं पाडली, अंगठा जाईल एवढी. बाजूने बाहेर आलेले दोन्ही नळ करवतीने कापून मोकळे केले. ती दोन बुचं त्याने मला हवीत का विचारलं. मी नको म्हणाले. दुपारी तो छपरावर चढला. चिमणीतून एक जुनं घरटं, पक्ष्याचा सांगाडा आणि घमेलंभर काजळी निघाली. मग आत कॅमेरा सोडून त्याने सगळ्या बाजू तपासल्या, वर्तमानपत्र जाळून धूर वर ओढला जातो का ते पाहिलं. छोटा जाळ चालेल, तो म्हणाला, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तो दिराने त्याच संध्याकाळी आणून लावला, आणि बटण दाबून तीनदा वाजवून बघितला.

बादल्या तशाच राहिल्या होत्या. त्या पाण्याचं काय करायचं मला सुचेना. ते पाणी ह्यांनी भरलं होतं, एवढंच डोक्यात होतं. शेवटी दिराने एकेक बादली मागच्या दाराने नेऊन लायलॅकच्या झुडपाखाली बर्फात ओतली. दोन दिवस तो तांबूस डाग स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होता. मग पुन्हा बर्फ पडला.

लेक आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. पाणी होतं, वरपर्यंत होतं, बाबांनीच भरलं होतं. सासूबाईंच्या पंच्याचीही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ त्या भोकांकडे बघत बसली. "ही वॉज नाइन," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, तू नको मागे बसूस होमाला. माझ्या शेजारी बस."

श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, त्यांनी कुंड फायरप्लेसमध्ये ठेवलं, पाठीमागची भोकं बघितली आणि पाट मांडायला घेतले. यजमानाच्या पाटावर लेक बसली. माझे गुडघे खाली टेकत नाहीत म्हणून मला ठेंगणं स्टूल दिलं. दीर पलीकडे. कापूर पेटला, समिधांनी पेट घेतला, धूर खरंच वर गेला. सगळे सैल होऊन बसले. मी नाही. मी त्या पत्र्यावरून नजर हलवली नव्हती.

दहा-पंधरा मिनिटांनी आवाज सुरू झाला. आधी बारीक सुरसुर, मग लांबवर कुणी पाणी ओततंय तसा. तळाच्या भोकातून पांढरी रेघ निघाली, मग वरच्यातून. गुरुजींचा मंत्र मधेच थांबला. नातवाने आईचा पदर धरला. दीर पाटावरून अर्धे उठले होते, आणि त्यांचा चेहरा ड्राइव्हवेवरच्यासारखा झाला होता.

चिमणीवाला सांगून गेला होता की भोकाच्या खाली, तळाशी, थोडं पाणी राहतंच. तेवढं मला माहीत होतं. मी हात पुढे करून दिराच्या बाहीला धरलं आणि खाली ओढलं.

"बसा, भावजी. राहिलेलं पाणी आहे. त्याला आता वाट आहे."

ते बसले. आम्ही सगळे ती वाफ बघत राहिलो. ती धुरात मिसळून चिमणीत जात होती, आणि थोडी बाहेर येऊन आमच्या तोंडांवर, ऊन, ओलसर. आंघोळीच्या वेळी न्हाणीघराचं दार उघडल्यावर यायची तशी. मग रेघ पातळ झाली. सुरसुर तुटक झाली, आणि थांबली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने तुपाची पळी भरली आणि गुरुजींनी मंत्र जिथे सोडला होता तिथून पुढे उचलला.